कोण आलं? : तळ्याकाठच्या एका नाटकाच्या प्रकल्प नोंदी

8 जून

तळ्याकाठच्या मोकळ्या जागेत आज 14 जण जमलो. वयं 19 ते 71. रंगमंचावर याआधी उभं राहिलेले फक्त तिघं. बाकीच्यांत शिवणकाम करणारी एक, रात्रपाळी संपवून न झोपता आलेला एक, दोन शिक्षक, एक निवृत्त परिचारिका, आणि "आम्ही नुसतं बघायला आलोय" असं सांगून कडेला बसलेले चौघं. उजेड जाईपर्यंत ते चौघंही वर्तुळात येऊन बसले होते.

काय करायचं आहे ते मी थोडक्यात मांडलं. क्विअर माणसाला, म्हणजे ज्याची लैंगिक ओढ किंवा लिंगभाव रूढ चौकटीत बसत नाही त्याला, कधी ना कधी "हे निसर्गाच्या विरुद्ध आहे" असं ऐकून घ्यावं लागतं. तर ज्याच्या नावाने हे बोललं जातं त्याच्याजवळच जाऊन बसायचं, तिथे काय चाललंय ते नीट पाहायचं आणि त्यातून नाटक उभं करायचं. क्विअर इकॉलॉजी या नावाने जो विचार चालतो त्याचा गाभा मला असा समजला आहे: 'नैसर्गिक' कशाला म्हणायचं हे कुणी ठरवलं, आणि त्या ठरवण्याने माणसांचं काय झालं नि रानाचं काय झालं, हे प्रश्न वेगळे काढायचे नाहीत. संहिता आधी लिहायची नाही. दिग्दर्शक एकच असणार नाही. दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून ज्या दोघांची नावं निघतील त्यांनी तालीम घ्यायची. नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे.

दोन नियम लगेच ठरले. नोंदीत कुणाचं नाव यायचं नाही, कारण आमच्यातल्या काहींच्या घरी अजून काहीही माहीत नाही. पुढे जो जीव जो कुणी निवडेल त्याच नावाने त्याला लिहायचं. दुसरा नियम जागेचा. आम्ही इथे पाहुणे, तेव्हा आमच्या पायांनी जमिनीचं काय होतं ते मोजायचं. त्यासाठी साधी पेन्सिल पुरेल: ओल्या मातीत अंगठ्याने दाबायची आणि किती आत जाते ते पाहायचं. आज पाचही ठिकाणी ती सहज पूर्ण आत गेली.

12 जून

आज फक्त एका शब्दावर बोलणं झालं. 1860 च्या भारतीय दंडसंहितेच्या 377 व्या कलमाने 'निसर्गक्रमाविरुद्ध' संबंध हा गुन्हा ठरवला, आणि त्याच साच्यातले कायदे ब्रिटिशांनी दुसऱ्या वसाहतींतही नेले. प्रौढांमधले संमतीचे संबंध सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमातून बाहेर काढले ते 6 सप्टेंबर 2018 ला. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षं निसर्ग फिर्यादीच्या बाजूने उभा केलेला होता, आणि त्याला कुणी काही विचारलंही नव्हतं.

त्यावरून मी सुचवलं: नाटक म्हणजे खटला करू, आणि या वेळी निसर्गाला आपल्या बाजूने साक्षीला बोलावू. सगळ्यांना कल्पना आवडली. कोण कोण साक्षीदार, याची यादी करायला प्रत्येक जण घरी गेला.

15 जून

यादी मोठी झाली. क्लाउनफिशच्या गटात सर्वांत मोठी ती मादी, तिच्या खालोखाल एक नर, बाकीचे लहान. मादी मेली की तो नरच मादी होतो आणि लहानांतला एक वाढून त्याची जागा घेतो. हवाईतल्या ओआहू बेटावर काएना पॉइंटला लेसन अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याच्या जोड्या तपासल्या, तर 31 टक्के जोड्यांत दोन्ही माद्या निघाल्या. 2008 साली हे प्रसिद्ध झालं. दिसायला नर-मादी सारखेच, म्हणून तपासेपर्यंत बघणाऱ्यांनी प्रत्येक जोडीत एक नर धरलेलाच होता. ही गोष्ट मला आकड्यापेक्षा मोठी वाटली.

पण तालमीत खरं काही सापडलं ते स्लिपर लिम्पेटमधून. ही एक समुद्री गोगलगाय. एकीच्या पाठीवर दुसरी, तिच्यावर तिसरी अशी त्यांची उतरंड होते. तळाशी सर्वांत जुनी आणि मोठी, ती मादी. वर येऊन बसलेले लहान, ते नर. मधले कुठेतरी वाटेवर. आम्ही सहा जणांनी एकमेकांच्या पाठीला पाठ टेकून ती उतरंड आडवी रचली. मग सर्वांत शेवटच्याने हळूच निघून जायचं. तो गेला की साऱ्यांचा भार मागे सरकतो, आणि काल जो टेकून होता त्याला आज दुसऱ्याला पेलावं लागतं. सात वेळा केलं. सातव्यांदा मधल्या जागेवरची शिक्षिका म्हणाली, "मी बदलले कधी ते मला कळलंच नाही. फक्त पाठीवर वजन आलं." आजवर या विषयावर ऐकलेल्या सगळ्या भाषणांपेक्षा मला हे वाक्य जवळचं वाटलं. उतरंड नाटकात राहणार, एवढं नक्की.

22 जून

जीव निवडण्याचा दिवस. जोआना मेसी आणि जॉन सीड या पर्यावरण कार्यकर्त्यांनी 1985 च्या सुमारास 'सर्व जीवांची सभा' नावाचा एक विधी बांधला. त्यात माणसं बाहेर जाऊन एकेका जीवाजवळ बसतात, त्याचा मुखवटा करतात आणि सभेत त्याच्या वतीने बोलतात. आम्ही त्यातला पहिलाच भाग घेतला. एक तास, एकट्याने, फोन बंद करून बसायचं. बोलायचं काहीच नाही.

परिचारिका आजी दगडाजवळ बसल्या त्या उठेनातच. त्यांनी दगडफूल घेतलं. म्हणाल्या, "हे दगडही नाही आणि फूलही नाही. नाव ठेवताना मात्र माणसांनी दोन्ही देऊन टाकलं." शिवणकाम करणारीने आळंबी घेतली, रात्रपाळीवाल्याने वटवाघूळ, एका शिक्षकाने चतुर.

आमच्यातल्या एकोणीस वर्षांच्या सोबत्याने गांडूळ घेतलं. "शाळेत मला गांडूळ म्हणायचे. चालण्यावरून, आवाजावरून. कणा नाही म्हणून." थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. "गांडुळाला कणा नसतोच की. तरी अख्खी जमीन वर-खाली करतं ते." आणि मग: "नोंदीत मला 'ते' लिहा. तो नको, ती नको. मला विचारून लिहिलेलं पहिलंच सर्वनाम असेल."

लिहिलं. इथून पुढे गांडूळ म्हणजे ते.

गांडुळांचं मीलन आम्ही संध्याकाळी जमिनीवर झोपून करून पाहिलं. दोघांनी उलट दिशांना डोकी करून एकमेकांना चिकटायचं. दोघंही देणारे, दोघंही घेणारे. नंतर प्रत्येकाच्या अंगावरच्या जाड पट्ट्यातून एक कडं सुटतं, ते पुढे सरकताना स्वतःची अंडी आणि दुसऱ्याकडून आलेलं बीज गोळा करतं आणि डोक्यावरून निसटलं की त्याचा कोष होतो. आळंबी जुन्या कापडाचं तसं कडं शिवणार आहे, डोक्यावरून ओढून काढता येईल असं.

29 जून

पावसासाठी ठरवून ठेवलेली बंदिस्त जागा आज मिळाली नाही. परवापर्यंत मिळणार होती. विषय कळल्यावर दुरुस्तीचं कारण निघालं. झाडाखाली भिजत उतरंड केली. वटवाघूळ तापाने घरी.

6 जुलै

खटल्याची रचना आज मोडली. लिहायला बसेपर्यंत रात्रीचे अकरा झाले आहेत, पण उद्यावर टाकलं तर मी यातलं काहीतरी गुळगुळीत करीन, म्हणून आत्ताच.

चतुराने अडेली पेंग्विनांचा प्रवेश बसवून आणला होता. जॉर्ज मरी लेविक हा डॉक्टर ब्रिटिश दर्यावर्दी स्कॉटच्या 1910 ते 13 च्या मोहिमेत अंटार्क्टिकावर होता आणि केप अडेअरला त्याने पेंग्विनांचा विणीचा अख्खा हंगाम पाहिला. त्यात नरांचे नरांशी संबंधही होते. त्याला ते इतकं असह्य झालं की वहीतला तेवढा मजकूर त्याने ग्रीक अक्षरांत लिहिला, सहज कुणी वाचू नये म्हणून. 1915 साली तो भाग वेगळा छापला गेला, फक्त 100 प्रती, 'प्रकाशनासाठी नाही' अशी सूचना वर घालून. जगासमोर तो आला 2012 मध्ये. चतुराचा प्रवेश फार सुंदर होता. एक माणूस वही वाचतोय, वाचता वाचता मराठी शब्द अनोळखी होत जातात, मग नुसते आवाज, मग नुसते हलणारे ओठ. आमच्यातल्या कितीतरी जणांनी अशा वह्या लिहिल्या आहेत. मीही लिहिली आहे.

दगडफूलआजींनी विचारलं, "त्या कागदांत अजून काय होतं?"

चतुराने गाळलेलं होतं ते. मेलेल्या माद्यांशी केलेला समागम. पिल्लांवर झालेली जबरदस्ती. लेविकने सगळं एकाच नजरेने पाहिलं आणि एकाच विकृतीच्या खात्यात टाकलं. त्यातलं बरंचसं हे तरुण, अननुभवी नरांचं खुणा चुकीच्या वाचून झालेलं वागणं, असं आताचे अभ्यासक म्हणतात. पेंग्विनाला आपली नीती लागू नाही.

आजी म्हणाल्या, "मग आपल्या बाजूने तरी कशी लागू? साक्षीला उभा केला की उलटतपासणी होणारच. तेव्हा काय, अर्धी वही झाकायची? त्या डॉक्टरने तेच केलं होतं ना बाळा?"

दोन तास वाद झाला. आवाज चढले. वटवाघूळ म्हणालं की लोक आम्हाला प्राण्यांची उदाहरणं देऊनच मारतात, मग आम्ही उलट उदाहरण द्यायचं नाही हा कुठला न्याय. त्याचा राग खरा होता आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी गांडूळ बोललं: "समजा उद्या सिद्ध झालं की जगात एकही प्राणी असं वागत नाही. मग माझं काय?"

यानंतर खटला उरलाच नाही. ठरलं ते असं: कुठल्याही जीवाला आमच्या बाजूने बोलायला लावायचं नाही. मला हे पटलं, आणि जडही गेलं, कारण कल्पना माझी होती आणि साडेतीन आठवडे तिच्यावरच उभे होतो.

13 जुलै

नऊच जण आले.

बाजूने बोलायला लावायचं नाही, तर मग करायचं काय? आज हा प्रश्न दगडफुलापाशी नेला. दगडफूल म्हणजे एक जीव नाही. बुरशी आणि शैवाल मिळून झालेला संसार आहे, हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमॉन श्वेंडनर यांनी 1869 साली मांडलं तेव्हा दगडफुलांच्या जाणकारांनीच ते उडवून लावलं. पण श्वेंडनरनी तरी त्या संसाराचं वर्णन कसं केलं? बुरशी धनीण आणि शैवाल तिचे गुलाम. त्यांच्या काळाने त्यांना जे शब्द दिले तेच त्यांनी दगडावर चिकटवले. पुढे 2016 साली अनेक दगडफुलांच्या वरच्या सालीत आणखी एक भिडू सापडला, यीस्टच्या जातीचा. दीडशे वर्षं तो तिथेच होता. दोघांचंच घर म्हणून पाहणाऱ्यांना दोघंच दिसले.

चतुराला 'आई-झाडाचा' प्रवेश करायचा होता: मोठं झाड मातीतल्या बुरशीच्या धाग्यांतून आपल्या रोपट्यांना जेवू घालतंय. 1997 साली कॅनडाच्या वनशास्त्रज्ञ सुझान सिमार्ड यांनी बर्च आणि डग्लस फरच्या रोपांमध्ये कार्बनची देवाणघेवाण दाखवली, इथपर्यंत ठीक. पण झाडं स्वतःच्याच लेकरांना ओळखून पोसतात या दाव्यामागे रानातला पुरावा नाही, असं 2023 साली तीन संशोधकांनी सगळं तपासून लिहिलं. प्रवेश सोडून दिला. आईची माया गोड आहे म्हणून ती झाडावर लादायची, तर 'निसर्गक्रम' लादणाऱ्यांपेक्षा आम्ही वेगळं ते काय केलं?

20 जुलै

आज सगळे 14 परत. आणि आज नाटक सापडलं.

सुरुवात अगदी बारीक अडचणीतून झाली. गांडुळाला मातीतून वर यायचं होतं आणि पहिलं वाक्य म्हणायचं होतं. "मी आलो" म्हटलं तर तो झाला. "मी आले" म्हटलं तर ती. मराठीत स्वतः आल्याचं सांगायचं तर आधी आपण कोण ते सांगावं लागतं. गांडूळ बराच वेळ मातीवर पडून राहिलं आणि मग म्हणालं, "मी आलं."

कानाला ते चुकीचं लागलं. पुन्हा म्हणायला लावलं. चौथ्यांदा चुकीचं लागेना.

मग आम्ही भाषेलाच खणायला बसलो. शिक्षक दोघं यात रमले. दगडफूलआजी म्हणाल्या, "माझं दगडफूल तर एकटं नाहीच, ते 'आम्ही आलो' म्हणेल." आणि लक्षात आलं की 'आम्ही आलो' मध्ये बाई-पुरुष काहीच नाही. 'मी' चं 'आम्ही' झालं की लिंग गळून पडतं. आळंबीला भविष्यकाळ सापडला: "मी येईन". तिथेही नाही. जे अजून घडायचं आहे त्याला मराठी लिंग विचारत नाही. वटवाघूळ म्हणालं, "आणि दार वाजलं की आपण काय विचारतो? कोण आलं?" खरंच की. दाराबाहेर कोण आहे ते माहीत नसतं तेव्हा आपण सगळेच 'आलं' म्हणतो. जे वाक्य गांडुळाच्या तोंडी चुकीचं वाटलं, त्याचंच क्रियापद आम्ही रोज घरोघरी उंबऱ्याच्या आतून उच्चारतो.

पण मला रात्री झोप येऊ देणार नाही ते पुढचं. आम्ही तळ्याभोवती फिरत जे दिसेल ते मोठ्याने सांगत होतो. मी डोंगर पाहिला. मी वाट पाहिली. मी झाड पाहिलं. हे वाक्य आजींनी म्हटलं, गांडुळाने म्हटलं, चतुराने म्हटलं, शब्द बदलला नाही. पाहिला, पाहिली, पाहिलं हे पाहणाऱ्यावर अवलंबून नाही. जे पाहिलं त्यावर आहे. दुसऱ्याकडे लक्ष दिलं की मराठीत क्रियापद बोलणाऱ्याला सोडून त्या दुसऱ्याच्या मागे जातं. आम्ही सगळे जन्मापासून असं बोलतोय.

नाटकाचं नाव ठरलं: 'कोण आलं?'

27 जुलै

तालीम नाही. मागच्या नोंदी वाचून काढल्या. एक लिहून ठेवायचं आहे. पहिल्या दिवसापासून या वहीत 'मी गेलो' किंवा 'मी गेले' असं माझ्याबद्दल एकदाही आलेलं नाही. ठरवून केलेलं नाही ते. पंधरा-सोळाव्या वर्षापासूनची सवय आहे: मी पाहिलं, मी लिहिलं, मला वाटलं, आम्ही जमलो. वाक्य सुरू करण्याआधीच मनात वळसा घातला जातो. ही पळवाट आहे असं मला आजवर वाटायचं. मागच्या शनिवारनंतर वाटतं की त्या वळशावर किती काय पाहायला मिळालं.

3 ऑगस्ट

आवाजाचं काम. डार्विनने गांडुळांवरचं त्याचं पुस्तक 1881 साली काढलं. त्यासाठी त्याने गांडुळांपुढे बासून हे फुंकवाद्य वाजवून पाहिलं, पियानो वाजवून पाहिला. ती ढिम्म. पण मातीची कुंडी पियानोवरच ठेवून सूर वाजवला तेव्हा ती झटकन बिळात गेली. हवेतला आवाज त्यांना लागत नाही, अंगाला भिडणारी थरथर लागते. म्हणून नाटकाची पहिली पाच मिनिटं ऐकायची नाहीत. प्रेक्षकांनी तळवे जमिनीवर टेकायचे आणि आम्ही एक मोठा ढोल आडवा करून, तोंड मातीला लावून, हळू वाजवायचा. करून पाहिलं: आठ पावलांवर हाताला कळतं, बारा पावलांवर नाही. त्यामुळे प्रेक्षक आठ पावलांच्या आत, आणि 40 पेक्षा जास्त नकोत.

10 ऑगस्ट

दिवे रद्द. वटवाघळाने दोन दिवे मागून आणले होते. सूर्य मावळल्यावर लावले आणि दहा मिनिटांत दिव्यांभोवती किडे घिरट्या घालू लागले. उडणारे कीटक उजेडाकडे पाठ ठेवून आपलं वर-खाली ओळखतात. आकाशाऐवजी दिवा जवळ आला की पाठ त्याच्याकडे वळते आणि ते तिथेच फिरत अडकतात. 2024 साली वेगवान कॅमेऱ्यांनी हे नीट टिपलं गेलं. आमच्या प्रकाशयोजनेसाठी त्यांनी रात्रभर भोवंडत राहायचं हे पटेना. वटवाघळानेच दिवे विझवले.

आता प्रकाशयोजना आकाशाची. मावळल्यापासून हातातल्या कागदावरची अक्षरं दिसेनाशी होईपर्यंत आज 26 मिनिटं मोजली. उतरंड मावळतीच्या आधी, दाराचा प्रवेश मावळतीनंतर, आणि 'मी पाहिलं' शेवटी, जेव्हा जवळपास काहीच दिसत नसेल.

17 ऑगस्ट

आळंबीचे कपडे झाले. लाकडावर पंख्यासारखी उगवणारी स्किझोफिलम कम्यून नावाची आळंबी आहे. तिच्यात जोडी जुळण्याचे प्रकार 23,000 हून अधिक. ही संख्या वाचल्यापासून आळंबीने एका कपड्याचं कापड दुसऱ्याला वापरलं नाही. कपड्यांना खिसे आहेत, बटणं नाहीत. ते का, तिने सांगितलं नाही.

24 ऑगस्ट

दाराचा प्रवेश. दोन काठ्या रोवल्या की दार. बाहेरून कुणीतरी येतं, आतून आवाज येतो, "कोण आलं?" आणि बाहेरच्याला उत्तर सुचत नाही. पुढे काय ते लिहिलेलं नाही. ब्राझीलचा नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल याच्या फोरम पद्धतीने इथे प्रेक्षकांपैकी कुणीही उठायचं, 'थांबा' म्हणायचं आणि आतल्या किंवा बाहेरच्या माणसाची जागा घेऊन प्रसंग पुढे न्यायचा. बोआल अशा प्रेक्षकाला नुसता बघ्या मानत नसे.

चाचणीला आठ ओळखीचे बोलावले. पहिल्या तिघांनी आतल्याला भाषण दिलं. भाषणाने दार उघडत नाही, हे तिन्ही वेळा सर्वांना दिसलं. चौथ्याने बाहेर उभं राहून फक्त म्हटलं, "मी वाटेत एक घुबड पाहिलं." आतल्याने विचारलं, "कुठे?" बस. प्रसंग तिथून चालू लागला.

31 ऑगस्ट

रंगीत तालीम. उतरंडीत पाय घसरून शिक्षिकेचा घोटा मुरगळला. चूक माझी, ओल्या उतारावर मीच जागा आखली होती. तिच्याऐवजी नवं कुणी घ्यायचं नाही, ती तळाशी बसून करणार. तळाची जागा म्हणजे सर्वांत जुनी, मोठी. तिला आवडलं.

7 सप्टेंबर

पहिला प्रयोग. 38 प्रेक्षक.

तळवे मातीवर टेकायला सांगितलं तेव्हा थोडी कुजबुज झाली, मग शांत. ढोल सुरू झाला तो चेहऱ्यांवर दिसला. उतरंड ठीक. दगडफूलआजी "आम्ही आलो" म्हणाल्या तेव्हा मागून एका लहान मुलाने विचारलं, "अजून कोण कोण?" आणि आजींनी नाटकात नसलेलं उत्तर दिलं, "मोजून व्हायचंय अजून."

दाराचा प्रवेश दोनदा थांबवला गेला. पहिल्यांदा एक तरुण उठला, बाहेर उभा राहिला, आणि काहीच न बोलता परत जाऊन बसला. त्याला कुणी टोकलं नाही. दुसऱ्यांदा पुढच्या ओळीतली एक बाई उठली. ती कोण होती ते नोंदीत नको, असं गांडुळाने सांगितलं आहे. तिने आतली जागा मागितली. गांडूळ बाहेर. एव्हाना चेहरे दिसेनासे झाले होते.

"कोण आलं?"

"मी आलं."

बाई बराच वेळ गप्प. आमच्यापैकी कुणालाच पुढचा क्यू देता येईना, कारण पुढे काही ठरलेलंच नव्हतं.

"ये," ती म्हणाली. "पाय पुसून ये."

'मी पाहिलं' ला अंधार ठरल्यापेक्षा चार मिनिटं जास्त झाला. कुणी म्हणालं मी ढग पाहिला, कुणी मी चांदणी पाहिली. प्रेक्षकांतूनही आवाज येऊ लागले आणि ते कुणाचे हे कळत नव्हतं. थांबवायचं कधी ते ठरलेलं नव्हतं. आपोआप थांबलं.

14 सप्टेंबर

दुसरा प्रयोग, 40. तिसरा उद्या. आज दारात कुणीच उठलं नाही. प्रवेश अर्ध्यावर, उत्तराशिवाय संपला. चतुर निराश. मला तो प्रयोगही खरा वाटला.

21 सप्टेंबर

पेन्सिल. प्रेक्षक बसत होते तिथे अर्धीच जाते. उतरंडीच्या जागी त्याहून कमी, मोडली एक. तीन प्रयोग आणि एवढ्या सगळ्या तालमींनी माती दाबली गेली आहे. आणखी दोन प्रयोगांची मागणी आहे, पण बैठकीत एकमताने ठरलं की या जागेवर आता नाही. काठ्या काढल्या, खड्डे बुजवले, दाबलेल्या पट्ट्यावर पाचोळा पसरला. नवी जागा शोधायचं काम वटवाघूळ आणि दगडफूलआजींकडे.

5 ऑक्टोबर

पाऊस होऊन गेल्यावर गांडुळाबरोबर जाऊन पाहिलं. पाचोळा बाजूला केला तर खाली मातीच्या बारीक गोळ्यांच्या चिमुकल्या राशी, ताज्या, अजून ओल्या. अकरा मोजल्या. प्रेक्षकांच्या जागी पेन्सिल पाऊण गेली.